कंपनीचा पहिला घास

या लिखाणात मी एकाही माणसाचं नाव घालणार नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते बहुतेक सगळे वारले, पण त्यांच्यातल्या एकाचे दोन नातू वकील आहेत. अब्रूनुकसानीची नोटीस घरात आली म्हणजे काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, आणि या वयात पुन्हा पाहायची मला हौस नाही.

आम्ही मैसूरचे रंगारी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि भांडण लागलं की दोन्ही. लुगडी रंगवायची, पागोटी रंगवायची, कापडावर लाकडी ठशांनी वेलबुट्टी उठवायची, हा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. परसात रंगखाना होता. तिथं तांब्याचे हंडे सकाळपासून उकळत असायचे आणि यजमानांची नखं बारा महिने निळी-जांभळी असायची. आमच्याकडे नवऱ्याला यजमान म्हणतात. मीही जन्मभर तेच म्हटलं, त्यामुळं नाव न घालण्याची मला सवयच आहे.

युरोपात महायुद्ध लागलं आणि इकडं आमच्या हंड्यांना उतरती कळा लागली. सगळा धंदा जर्मन रंगाच्या डब्यांवर चालला होता. ते डबे यायचे बंद झाले. आजेसासऱ्यांच्या काळी झाडांच्या मुळ्या, साली उकळून रंग काढत, पण ती विद्या मधल्या काळात सगळेच विसरले होते. यजमान जुन्या डब्यांचे तळ चमच्यानं खरवडत बसायचे. त्या आवाजानं माझं डोकं उठायचं.

अशा वेळी गावात रंगाची कंपनी निघाली. तिचे चेअरमन आमच्याच जातीतले. सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर राहून पेन्शनीत आलेले, जरीकाठी पागोटं घालणारे, बोलायला लागले की ऐकत राहावं असे. शुक्रवारी देवीची आरती झाल्यावर ते देवळाच्या सभामंडपात उभे राहिले आणि म्हणाले, जर्मनाच्या तोंडाकडे किती दिवस बघायचं, आपला रंग आपण करू. हुणसूरच्या रस्त्याला येलवालजवळ कंपनीनं जागा घेतली आहे, कारखाना उठतो आहे, प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणं शेअर घ्यावा, दरवर्षी नफा घरबसल्या मिळेल. मग त्यांनी कागद वाटले. कागदावर कारखान्याचं चित्र होतं. त्याला उंच धुराडं होतं आणि धुराड्यातून चांगला भरघोस धूर निघत होता. बायकांच्या बाजूला बसून मी तो धूर पाहिला आणि मनात म्हटलं, बांधायच्या आधीच धूर?

पण माझ्या शेजारी बसलेल्या वन्संचे डोळे त्या धुरानं भरून आले होते. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी आल्या. सासूबाई गेल्या तेव्हा यजमान लहान होते. त्यांना वन्संनीच वाढवलं. सासूबाईंनी जाताना आपल्या सोन्याच्या पाटल्या लेकीला दिल्या होत्या. वन्संना त्या घालायची सोय नव्हती, म्हणून त्या माझ्या ट्रंकेत होत्या. जगात त्यांचं स्वतःचं असं तेवढंच. बाकी सगळं, अगदी डोक्याला लावायचं तेलसुद्धा, त्यांना माझ्याकडे मागावं लागे. मी कधी नाही म्हटलं नाही. पण मागावं लागतं हेच त्यांना डाचत होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही डाचलं असतं.

घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या, "वैनी, ट्रंकेची किल्ली दे की गं. पाटल्या मोडून कंपनीत घालते. वरसाला जे येईल त्यात माझं तेल-सुपारी भागंल. मत्ते परत कुणाफुडं हात पसरायला नको."

यजमान ओसरीवर बसून हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, ठरवला आणि येलवालला जाऊन आले. परत आल्यावर पाय धुता धुता मला म्हणाले, "एक पत्र्याची शेड आहे. त्यात शेळ्या बसल्यात. बाकी माळ. विहीर नाही, ओढा नाही, तळं पार लांब. पाण्याशिवाय रंग कुठला करणार? डोंबलाचा?"

मी म्हटलं, "मग हेच आत जाऊन वन्संना सांगा."

ते पायच धूत राहिले. खरं म्हणजे भावानं बहिणीच्या सोन्याविषयी तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. उघडलं तर लोक म्हणणार, याचा डोळा आहे पाटल्यांवर. आणि अक्कापुढं तर हे एरवीही मान वर करून बोलत नसत. जेवताना मीठ हवं असलं तरी माझ्याकडे बघायचे. मी म्हटलं, "मी सांगते." सांगितलंही. वन्संनी तोंड फिरवलं. "तुला काय, त्या तुझ्या ट्रंकेत राहिल्या तर बरंच की," म्हणाल्या. भावजयीच्या बोलण्याला एवढीच किंमत असते. मला असा संताप आला की मी किल्ली त्यांच्यापुढं टाकली आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग यजमानांनी जे केलं ते आठवलं की आजही माझं कपाळ ठणकतं. आतल्या खोलीत बसलेल्या बहिणीला दोन वाक्यं सांगायला ज्यांची जीभ उचलली नाही, त्यांनी गावातल्या कानडी साप्ताहिकात लेख लिहिला! स्वतःच्या नावानिशी. येलवालच्या जागेवर पाणी नाही, चित्रातला कारखाना चित्रातच आहे, पाणी दिसेपर्यंत या कंपनीत कुणीही पैसा घालू नये, असं सरळ लिहिलं. संपादक आमच्या ओळखीचे होते. त्यांना लेख फार आवडला. लोकांचं हित म्हणजे आमचं व्रत, वगैरे बोलले.

वन्संना कानडी बोलता यायचं, वाचता येत नसे. पोथीपुरती देवनागरी तेवढी यायची. मी त्यांना लेख वाचून मराठीत सांगितला. त्यांनी कागद हातात घेतला, भावाच्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तम्मानं छापलंय म्हणजे खरं असणार." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. संध्याकाळी त्यांनी किल्ली गुपचूप माझ्या हातात ठेवली. मी मनात म्हटलं, चला, वाकड्या वाटेनं का होईना, काम झालं. यजमानांवरचा राग त्या दिवसापुरता उतरला.

पंधरवडा गेला नसेल, नोटीस आली. जाड कागद, इंग्रजी मजकूर. कंपनीच्या आणि चेअरमनसाहेबांच्या अब्रूला धक्का लावला, शेअर घेणारे लोक मागे फिरले, त्याबद्दल फौजदारी आणि दिवाणी अशा दोन्ही फिर्यादी का करू नयेत ते कळवावं. यजमानांनी ती नोटीस इतक्या वेळा वाचली की घडीवर कागद फाटला. त्यांना वाटत होतं की आपण खरं लिहिलं आहे, तर भ्यायचं कशाला.

आमच्या वकिलांनी त्यांना ते समजावलं. मी कचेरीच्या बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकलं. "खरं असून भागत नाही, खरं आहे हे कोर्टात शाबीत करावं लागतं," वकील म्हणाले. "आणि ते शाबीत करायचं तुम्ही, त्यांनी नाही. जागेवर विहीर आहे का?"

"नव्हती," यजमान म्हणाले.

"आता?"

आता होती. म्हणजे खड्डा होता. नोटीस धाडल्याबरोबर कंपनीनं माणसं लावून एक खड्डा खणला होता आणि त्याला फळ्यांचं कुंपण घातलं होतं. आत पाणी नव्हतं, पण कोरड्या विहिरीलाही विहीरच म्हणतात, असं वकिलांचं मत पडलं. "तुम्ही गेलात त्या दिवशी खड्डाही नव्हता, याला साक्षीदार कोण?" साक्षीदार एक, तो जटकावाला. त्याला विचारायला गेले तर तो म्हणाला, "मी घोड्याकडे बघत होतो, स्वामी."

वर संपादक आले ते हातपाय गाळूनच. आमच्या संस्थानात सरकारच्या परवानगीवाचून वर्तमानपत्र काढता येत नसे, आणि दिलेली परवानगी केव्हाही परत घेता येत असे. "कोर्टात माझं नाव गेलं की पत्र बंद. माझ्यामागं खाणारी पोटं आहेत," ते म्हणाले. मग यजमानांनाच समजावू लागले, "तुम्ही 'पाणी नाही' असं लिहायला नको होतं. 'पाणी नाही असं काही लोक म्हणतात' असं लिहायचं." लेखाचं मराठी-कानडी दोन्हीत कौतुक केलेला हा माणूस! मी त्या दिवशी त्यांना कॉफी दिली नाही.

शेवटी चेअरमननीच निरोप धाडला. आपण एका जातीची माणसं, कोर्टात कशाला जायचं, देवीपुढं पंच बसवू आणि मिटवू. सगळ्यांना हायसं वाटलं. किती मोठं मन, असंही चारजण म्हणाले. मला मात्र आमची पंचांची रीत ठाऊक होती, म्हणून मी त्या चौघांत गेले नाही.

ती रीत अशी. आमच्या जातीत कुणी दुसऱ्याच्या घराच्या अन्नाला नावं ठेवली, आणि पंचांपुढं त्याची चूक ठरली, तर त्याला पैशाचा दंड नसे. त्यानं त्याच घरच्या पंगतीत पहिल्या पानावर बसायचं आणि सगळ्यांदेखत पहिला घास घ्यायचा. त्यानं घास गिळला की बाकीच्यांनी जेवायचं. म्हणजे ज्या तोंडानं अन्न वाईट म्हटलं त्याच तोंडानं ते चांगलं ठरवायचं. शेजारणीच्या आमटीवरून झालेल्या भांडणाला हा उपाय उत्तम आहे. मी स्वतः तो लागू पडलेला पाहिला आहे. पण पंचांनी तो कंपनीला लावला.

चूक यजमानांचीच ठरली आणि निकाल असा झाला. एक, यजमानांनी त्याच साप्ताहिकात माफी छापावी. दोन, देवळात सर्वांसमोर कंपनीचा पहिला घास घ्यावा, म्हणजे एक शेअर विकत घ्यावा. तीन, पुन्हा या कंपनीविषयी बरंवाईट काही बोलू वा लिहू नये, असा देवीच्या समईवर हात ठेवून शब्द द्यावा. पंच म्हातारे होते, भले होते. शेअर आणि आमटी यांत काही फरक असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि चेअरमननी ते येऊ दिलं नाही.

मी घरी यजमानांना म्हटलं, "माफी मागा हवी तर, पण शेअर घेऊ नका." ते म्हणाले, "मग तो निकाल मानला असं होत नाही, फिर्याद होणार. रंगखाना विकावा लागेल, आणि मी तुरुंगात गेलो तर घर कोण बघणार?"  हे खरं होतं म्हणून मी आणखी चिडले.

माफीचा मजकूर कंपनीच्या वकिलानं लिहून दिला. 'माझ्या लेखातील मजकूर गैरसमजातून लिहिला गेला. कंपनीचे काम चोख असून तिच्या भवितव्याविषयी मला पूर्ण विश्वास आहे.' मागायची ती माफी, आणि छापून आली ती जाहिरात. साप्ताहिकात ती कानडीत आली. पण कंपनीनं देवनागरी खिळे असलेल्या, संस्कृत पोथ्या छापणाऱ्या छापखान्यातून तिची मराठी पत्रकंही काढली, खास आमच्या लोकांसाठी, यजमानांचं नाव ठसठशीत अक्षरांत. आमच्या गल्लीत घरोघर वाटली. एक आमच्या दाराच्या फटीतूनही आत आलं.

ते वन्संना सापडलं. पहिला लेख मी वाचून दाखवला होता. हे पत्रक त्यांनी स्वतः वाचलं, पोथीसारखं, एकेक अक्षर लावून.

मी धावत जाऊन सांगितलं, "वन्सं, हे खोटं आहे. आधीचं खरं होतं. हे त्यांच्याकडून जबरदस्तीनं लिहवून घेतलंय."

त्यांनी पत्रकातल्या नावावर बोट ठेवलं. "म्हणजे माझा तम्मा खोटं छापतो, असं म्हणतीस?"

मी यजमानांकडे गेले, अक्षरशः हात जोडले. "आता तरी आत जा आणि एक शब्द बोला."

"समईवर हात ठेवून शब्द दिलाय," ते म्हणाले.

"अहो, घरातसुद्धा?"

"देवीला घर आणि बाजार वेगळा आहे काय?" असं म्हणून ते रंगखान्यात गेले. हंडे थंड होते, तरी तिथंच बसून राहिले. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की काय करावं सुचेना, म्हणून मी अंगण दोनदा झाडलं.

शुक्रवारी देवळात सगळी जात जमली. चांदीच्या तबकात हळदकुंकू लावलेला शेअरचा कागद ठेवला होता. यजमान पुढं गेले. पैसे ठेवले, कागद उचलून कपाळाला लावला. चेअरमननी त्यांना मिठी मारली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माणसं तबकापुढं रांग लावून उभी राहिली. कालपर्यंत खिशात हात घालायला न धजणारे लोक! ज्यानं नावं ठेवली त्यानंच घास घेतला, मग आणखी काय बघायचं?

त्या गर्दीतून वन्सं उठल्या. पदराखालून त्यांनी फडक्यात बांधलेल्या पाटल्या काढल्या. किल्ली माझ्या कमरेला असायची. मी अंघोळीला गेले असताना त्यांनी ट्रंक उघडली असणार. मी त्यांचा पदर धरला. "वन्सं, बेड! नको! ऐका माझं!" आमच्याकडे जीव कासावीस झाला की कानडीच तोंडी येते.

त्यांनी पदर सोडवून घेतला. "सोड गं. तम्मानं स्वतः घास घेतलाय. विष असतं तर त्यानं घेतला असता?"

यजमान तबकाच्या बाजूलाच उभे होते. बहीण पाटल्या घेऊन समोर आली, तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे मान वर करून पाहिलं. त्यांचे ओठ हलले, हे मी शपथेवर सांगीन. पण समई तिथंच जळत होती आणि चेअरमनचा हात त्यांच्या खांद्यावर होता. पाटल्या तबकात पडल्या.

पुढचं लांबवत नाही. येलवालच्या खड्ड्याला पाणी कधी लागलं नाही. कंपनीनं आणखी एक खड्डा खणला, मग एक यंत्र मागवलं, ते कुठल्याशा बंदरात अडकलं. युद्ध संपलं, जर्मन डबे पुन्हा बाजारात आले आणि कंपनी बुडाली. शेडचे पत्रे कुणी ना कुणी काढून नेले. चेअरमन बंगळूरला मुलाकडे राहायला गेले. त्यांचं स्वतःचं घरही त्या कंपनीत गेलं असं ऐकलं, म्हणून ते लबाड होते असं मी म्हणत नाही. म्हटलं असतं तरी सिद्ध कसं करणार? नोटीस येईल आणि जटकावाला घोड्याकडे बघत असेल.

लोक मात्र आमच्या दारात आले. चेअरमनच्या दारात नाही, आमच्या! ती पत्रकं त्यांनी जपून ठेवली होती. "तुम्हीच छापलंत ना, कंपनीचं काम चोख म्हणून?" यजमान मान खाली घालून ऐकून घेत. पहिला लेख कुणाच्या लक्षातही नव्हता. एकदा मी बाहेर येऊन म्हटलं, आधी काय लिहिलं होतं ते आठवतं का? तर एक गृहस्थ म्हणाले, "ते तर तुम्हीच चूक होतं म्हणून कबूल केलंत." मी कपाळावर हात मारून घेतला आणि आत आले.

 वन्सं तेल संपलं की पूर्वीसारखंच माझ्याकडे मागत. कंपनीचा कागद त्यांनी पोथीत घालून ठेवला होता.

बरीच वर्षं गेली. एका दुपारी चेअरमन वारल्याची बातमी आली. यजमान बाहेरून आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. वन्सं चुलीपुढं तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "तम्मा, त्या दोन्हीतलं खरं कुठलं होतं रे? पहिलं का दुसरं?"

ज्या माणसासाठी देवीपुढं शब्द दिला होता तो आता उरला नव्हता. यजमान म्हणाले, "पहिलं, अक्का."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग मला का नाही सांगितलंस?"

"लिहिलं होतं की."

"गावाला लिहिलंस. मी तर इथंच होते, या चुलीपुढं. इथं बोललेल्याला नोटीस येती काय?"

यजमान दारातच खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.  वन्सं सूप पुन्हा मांडीवर घेऊन, नेहमीच्याच आवाजात मला म्हणाल्या, "वैनी, डोक्याचं तेल संपलंय. तेवढं मागवशील?"